ताई, शाळेच्या फायली कुठे आहेत?



आजचा भाग आपल्या मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी आहे. आठवडाभर नोकरी, घर, मुलांची ने-आण सांभाळायची आणि रविवारी सकाळी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये दहा-बारा मुलांना गोळा करून 'क' कमळाचा सुरू करायचा, हे काम करणाऱ्या सगळ्या तायांना, काकूंना आणि काकांना आधी मनापासून नमस्कार. मी पेशाने आयटी सल्लागार. कंपन्यांनी आपली माहिती कशी जपावी हे सांगणं हा माझा रोजचा उद्योग. इथे अमेरिकेत ओळखीचे शिक्षक अडलं की फोन करतात, तेव्हा त्यांचे प्रश्न कंपन्यांच्या प्रश्नांपेक्षा फारसे वेगळे नसतात. फरक इतकाच, की कंपनीत त्यासाठी एक विभाग असतो, माणसं असतात, बजेट असतं. मराठी शाळेत एक ताई असते आणि तिचा घरचा लॅपटॉप असतो.

तर आज दोन गोष्टी बघू. ऐन वर्गात कॉम्प्युटर अडला तर काय करायचं, ही एक. आणि शाळेच्या फायली कायमच्या हरवू नयेत म्हणून काय करायचं, ही दुसरी. दुसरीला जास्त वेळ देऊ, कारण पहिल्या अडचणीत एक तास वाया जातो. दुसरीत दहा वर्षं जाऊ शकतात. पालकांनो, तुम्हीही ऐका. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

आधी, जपायचं काय?

लॅपटॉप बिघडला तर नवा आणता येतो. वर्ड, पॉवरपॉइंट पुन्हा टाकता येतात. पण त्यातल्या अभ्यासाच्या कागदांचं काय? पुण्या-मुंबईत छापलेलं पहिलीचं पुस्तक हे घरीदारी मराठी ऐकणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं असतं. इथल्या सात वर्षांच्या मुलाच्या कानाला 'आजी पाणी देतो' हे खटकत नाही. त्याच्यासाठी ताईने स्वतः वाक्यं रचलेली असतात. त्यात आजी असते, फ्रिज असतो, पिवळी स्कूल बस असते आणि अंगणातला बर्फही असतो. 'ळ' जिभेवर बसावा म्हणून बाळ, केळं, सकाळ, पावसाळा अशी शब्दांची माळ ओवलेली असते. असे कागद दुकानात मिळत नाहीत.

त्याशिवाय हजेरी आहे, परीक्षेचे गुण आहेत, स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यांच्या संहिता आहेत, आणि मुलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत. पाचव्या वर्षी बोबड्या उच्चारात म्हटलेलं शुभंकरोति पंधराव्या वर्षी पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.

एमबीएच्या वर्गात जोखमीचा हिशेब शिकवतात: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडली तर नुकसान किती. तुमचा लॅपटॉप याच आठवड्यात बंद पडेल, ही शक्यता कमी. पण शाळा दहा-पंधरा वर्षं चालवायची असेल, तर त्या काळात एखादा लॅपटॉप बंद पडणार, गाडीतून चोरीला जाणार, नाहीतर त्यावर चहा सांडणार, हे धरूनच चाला. आणि नुकसान भरून न येणारं. उपाय मात्र स्वस्त आहे. असा हिशेब असेल तेव्हा समितीची बैठक घ्यायची गरज नसते.

रविवारी सकाळच्या अडचणी

आता वर्गातल्या नेहमीच्या अडचणी पाहू.

कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला तर पहिला उपाय रीस्टार्ट. हे सगळे जण सांगतात, पण एक बारकावा सांगत नाहीत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मशीन लवकर सुरू व्हावं. त्यामुळे बंद करून चालू केलं तरी दुखणं तसंच परत येऊ शकतं. 'रीस्टार्ट' हा पर्याय निवडला की सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून बटण दाबून बंद-चालू करत बसू नका, रीस्टार्ट निवडा.

प्रोजेक्टरवर चित्र येत नसेल तर आधी केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का आणि प्रोजेक्टरवर त्याच केबलचा इनपुट निवडला आहे का, ते पाहा. मग विंडोजमध्ये 'विंडोज' कळ धरून 'पी' दाबा. बाजूला पर्याय उघडतील. त्यातला 'डुप्लिकेट' निवडा. मॅकवर सेटिंग्जमधल्या 'डिस्प्लेज'मध्ये जाऊन मिररिंगचा पर्याय घ्या.

चित्र दिसतं पण गाणं ऐकू येत नाही, ही पुढची तक्रार. एचडीएमआय केबल जोडली की बऱ्याचदा आवाजही त्याच केबलमधून प्रोजेक्टरकडे जातो, आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नसतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज पुन्हा लॅपटॉपवर घ्या. वर्ग झूमवर असेल, तर स्क्रीन शेअर करताना 'शेअर साउंड'च्या चौकटीत खूण करायला विसरू नका. नाहीतर बडबडगीत तुम्हाला ऐकू येतं आणि मुलं नुसती हलणारी चित्रं बघत बसतात.

हॉलचं वाय-फाय चालेलच असं समजू नका. आजच्या धड्याची फाइल शनिवारी रात्रीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा, आणि तिची एक पीडीएफ फोनमध्येही ठेवा. पीडीएफ कुठेही उघडते आणि तिच्यातली अक्षरं सहसा विसकटत नाहीत.

एक धोक्याची सूचना. अचानक पडदाभर लाल पाटी येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमधून तो बंद करा. त्यानेही जमलं नाही, तर रीस्टार्ट आहेच. अनोळखी माणसाला आपल्या मशीनचा ताबा द्यायचा नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

फाइल गायब झाली तर

फाइल दिसत नाही म्हणजे ती गेलीच, असं नसतं. घाबरून नवं काही टाकायला किंवा हलवायला जाऊ नका. शांतपणे या क्रमाने शोधा.

पहिलं, रीसायकल बिन. दुसरं, वर्ड किंवा पॉवरपॉइंट उघडून 'रीसेंट'ची यादी. पुष्कळदा फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असते. तिसरं, सेव्ह न करताच वर्ड बंद झालं असेल, तर 'फाइल'मधल्या 'इन्फो'त, 'मॅनेज डॉक्युमेंट'खाली सेव्ह न झालेल्या फायली परत मिळवण्याचा पर्याय असतो. चौथं, क्लाउडची कचरापेटी. गुगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस तिथे राहते, वैयक्तिक वनड्राइव्हमध्येही ३० दिवस. त्यानंतर ती जाते. पाचवं, तुम्ही ती फाइल कोणाला पाठवली होती का? शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि पाठवलेल्या ईमेलची पेटी शोधा. या मार्गाने सापडलेल्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून 'बघू या चालतं का' म्हणत राहिलं, की उरलंसुरलं वाचण्याची शक्यताही कमी होते. आत खरोखर मोलाचं काही असेल तर ते डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे न्यावं लागतं, आणि ते काम महागात पडतं. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात पुसलेल्या फायलींची जागा मशीन मागच्या मागे स्वतःच साफ करत असतं, त्यामुळे तिथून पुसलेली फाइल परत आणणं आणखी अवघड. थोडक्यात, हरवल्यावर शोधण्यापेक्षा आधी प्रत ठेवणं सोपं.

आरसा आणि फोटो

'माझं सगळं क्लाउडवर आहे, मला कसली काळजी?' असं पुष्कळ जण म्हणतात. इथे थोडं थांबू या.

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड यांचं मुख्य काम सिंक करण्याचं आहे. म्हणजे लॅपटॉपवर जे आहे ते क्लाउडवर तसंच दिसलं पाहिजे. सिंक हा आरसा आहे. तुम्ही कपाळावर टिकली लावली की आरशातही ती दिसते. तुम्ही काढली की आरशातूनही जाते. लॅपटॉपवरचं 'तिसरी' नावाचं फोल्डर चुकून पुसलं, तर आरशातूनही पुसलं जातं. खंडणीखोर व्हायरसने फायलींना कुलूप घातलं, तर कुलूपबंद फायलीच वर चढतात. कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्यांची सोय आहे, पण तिला मुदत आहे. मे महिन्यात चुकून पुसलेली फाइल सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर आठवली, तर ती मुदत केव्हाच संपलेली असते.

बॅकअप म्हणजे फोटो. त्या दिवशी जसं होतं तसंच तो जपून ठेवतो, मग पुढे तुम्ही काहीही बदला. शाळेला आरसाही हवा आणि फोटोही हवा.

तीन, दोन, एक

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने डिजिटल फोटोंच्या जतनावरच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. फाइलच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या. आणि त्यातली एक घराबाहेर असू द्या.

मराठी शाळेपुरता त्याचा अर्थ असा. पहिली प्रत ताईच्या लॅपटॉपवर. दुसरी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी शाळेच्या क्लाउड खात्यात. घराला आग लागली, पाइप फुटून तळघरात पाणी शिरलं, तरी क्लाउडमधली प्रत राहते. क्लाउडचं खातं बंद पडलं तर डिस्क राहते.

हार्ड डिस्कवर प्रत घ्यायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. मॅकमध्ये 'टाइम मशीन' २००७ पासून आहे. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे. ती कंट्रोल पॅनलमध्ये सापडते. डिस्क जोडा, एकदा चालू करा, पुढचं ते स्वतः करतं. एवढंही नको असेल, तर शाळेचं सगळं एकाच मोठ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर दर महिन्याला डिस्कवर कॉपी करा. प्रत्येक कॉपीच्या नावात तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हेच वापरा' या नावांपासून आपली सुटका होते.

तीन पथ्यं सांगतो. काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली, तर व्हायरस लॅपटॉपबरोबर तिच्यातल्या फायलींनाही कुलूप घालतो. दुसरं, पेनड्राइव्ह ने-आण करण्यासाठी वापरा, साठवणीसाठी नको. तो पर्सच्या कप्प्यात नाहीतर वॉशिंग मशीनमध्ये सापडतो. आणि तिसरं, स्नेहसंमेलनाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो बहुधा 'फॅट ३२' पद्धतीने तयार केलेला असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तो 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं सगळं काढून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं.

मंडळाला कोणी देणगी म्हणून दिलेले जुने लॅपटॉप वापरत असाल, तर त्यात विंडोज १० आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेची वाढीव सोय वेगळी घेतली नसेल, तर नव्या भेगा बुजवल्या जात नाहीत. अशा मशीनवर शाळेची एकुलती एक प्रत ठेवू नका.

उघडून पाहा

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: जी प्रत तुम्ही उघडून पाहिलेली नाही, तिला बॅकअप म्हणू नका.

१९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. त्यांच्याकडे बॅकअप होता. पण तो काही काळ नीट चालत नव्हता आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. चित्रपटाची बरीचशी प्रत शेवटी सापडली ती गेलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरी. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. तो कॉम्प्युटर गाडीतून अगदी जपून कार्यालयात आणला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीला बाळंतिणीच्या घरची प्रत कामी आली! आपल्याकडे असा योग जुळून येईल यावर विसंबू नका.

तपासणी सोपी आहे. डिस्क दुसऱ्याच एखाद्या लॅपटॉपला जोडा. कोणत्याही तीन फायली उघडा: एक जुनी, एक नवी आणि एक व्हिडिओ. जुन्या फाइलमधलं मराठी वाचता येतं का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

जुन्या फॉन्टचं दुखणं

दुसऱ्या लॅपटॉपवर उघडायला सांगितलं, त्याला कारण आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या शाळेच्या फायली बऱ्याचदा शिवाजी, किरण, कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या काळी ही मोठी सोय होती. पण या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरं किंवा खुणा असतात, आणि फॉन्ट त्या जागी 'क' किंवा 'म'चं चित्र दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर फोनवर, मॅकवर, विंडोजवर मराठीच राहतो. तुमची फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायची युक्ती सांगतो. तिच्यातली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुना फॉन्ट.

जुना फॉन्ट निघाला तर तीन कामं करा. ज्या लॅपटॉपवर ती फाइल अजून नीट दिसते, तिथूनच आज तिची पीडीएफ काढा; निदान वाचता आणि छापता तरी येईल. मग फॉन्टचं नाव पाहून त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक इंटरनेटवर शोधा आणि मजकूर बदलून घ्या. बदललेलं मराठी डोळ्यांखालून घालायलाच हवं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणून वेलांट्या, रफार, जोडाक्षरं आणि 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्य' या जागी चुका होतात. तिसरं, मूळ फाइलही ठेवून द्या. आणि फक्त छापील कागदच उरला असेल तर त्याचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. छापील देवनागरी ते बऱ्यापैकी ओळखतं.

खातं कोणाचं?

आता सगळ्यात नाजूक विषय. शाळेचं सगळं साहित्य एका ताईच्या वैयक्तिक खात्यात असतं. तिने प्रेमाने ते सगळ्यांना शेअर केलेलं असतं, त्यामुळे ते सगळ्यांचं आहे असं वाटतं. पण शेअर केलेल्या फाइलचा मालक एकच असतो. त्याने ती पुसली किंवा त्याचं खातं बंद झालं, की बाकीच्यांकडूनही ती जाते.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे जास्त लागू पडतं. कोणाचा व्हिसा संपतो, कोणी दुसऱ्या राज्यात जातं, कोणी आई-वडिलांसाठी पुण्याला परत जातं. इथला फोन नंबर बंद होतो. मग शाळेच्या खात्यात शिरायला लागणारा कोड त्या बंद झालेल्या नंबरवर जात राहतो. गुगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर ते आतल्या मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. यात कोणाचाही दोष नसतो. ताईने शाळा सोडलेली असते, शाळेने खातं हातात घेतलेलं नसतं, एवढंच.

म्हणून शाळेच्या नावाचं खातं उघडा आणि साहित्याची एक पूर्ण प्रत त्या खात्याच्या मालकीची करा. पासवर्ड किमान दोन जणांकडे असू द्या. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर दहा 'बॅकअप कोड' मिळतात. फोन नसला तरी त्यांनी आत जाता येतं. ते छापून पाकिटात घालून खजिनदाराकडे द्या. मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल, तर गुगल वर्कस्पेसच्या विनामूल्य आवृत्तीसाठी अर्ज करता येतो. तिथे खाती संस्थेच्या ताब्यात राहतात. विंडोजची डिस्क कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली बहुधा लॅपटॉपच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच पाहून लिहून ठेवा. एखाद्या बिघाडानंतर मशीन तीच मागतं, आणि तेव्हा ती शोधणं जिवावर येतं.

मुलांची माहिती

हजेरीच्या यादीत मुलांची नावं, पालकांचे फोन, घरचे पत्ते असतात. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हेही असतं. ही यादी बडबडगीतांच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. वेगळी ठेवा, एक्सेलमध्ये तिला पासवर्ड लावा, आणि 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडता येईल असं शेअरिंग बंद करा. बॅकअपची डिस्क बाहेर कोणाच्या घरी ठेवणार असाल, तर तीही कुलूपबंद करा. शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पत्ते आणि फोन नंबर जपून उपयोग नाही. वर्ष संपलं की ते काढून टाका, बॅकअपमधूनही.

दसरा आणि पाडवा

३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून २०११ पासून पाळतात. चांगलं आहे, पण तो लक्षात कोणाच्या राहणार? आपल्याकडे त्याहून सोयीचे दोन दिवस आहेत. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो, शाळेत सरस्वती काढतो. हल्ली पाटीशेजारी लॅपटॉपही ठेवतात. त्याला जरूर फूल वाहा. फक्त कुंकू कीबोर्डवर पडू देऊ नका. आणि त्याच दिवशी डिस्क जोडून तीन फायली उघडून पाहा. तसंच पुन्हा पाडव्याला करा. दसऱ्याला शाळा नुकती सुरू झालेली असते आणि पाडव्यापर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. वर्षातून दोनदा तपासणी आणि मधल्या काळात महिन्याला एक प्रत, एवढ्याने शाळेचं भागतं.

आता पालकांचं काम. पुढच्या रविवारी मुलांना सोडायला जाल तेव्हा ताईंना एकच प्रश्न विचारा: 'ताई, शाळेच्या फायली कुठे आहेत?' जाब विचारल्यासारखा नको. मदत करायची म्हणून विचारा. त्यांनी 'माझ्या लॅपटॉपवर' असं सांगितलं, तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक हार्ड डिस्क घ्या. ताईंबरोबर बसून पहिली प्रत तुम्ही काढून द्या. ताई आधीच शिकवतात, तपासतात, बसवतात. हेही त्यांच्याच डोक्यावर नको. क्लाउडचं अजून जमत नसेल, तर कुलूपबंद केलेली दुसरी डिस्क तुमच्या कपाटात राहू द्या. तीच शाळेची घराबाहेरची प्रत.

तुमच्या मुलीचं शुभंकरोतिही त्यात आहे. घरी नेलीत की एकदा ते लावून ऐका. ऐकू आलं, तर बॅकअप चालतो आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार.